एमएच सव्वीसची फाईल एमएच चोवीसच्या गाडीत चालेल का?

प्रश्न: लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर असा आमचा गाड्यांच्या शौकिनांचा ग्रुप आहे. नांदेडच्या मित्राने त्याच्या २०१४ च्या स्विफ्ट डिझेलमध्ये स्टेज वन मॅप (पार्ट न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाढवलेली फाईल) मारून घेतलाय, गाडी खरंच भारी पळते. माझीही त्याच वर्षाची स्विफ्ट डिझेल आहे. तो फाईल फुकट द्यायला तयार आहे, फाईल गाडीत टाकायचं टूल दुसऱ्या एका मित्राकडे आहे. टाकू का? शिवाय सगळ्यांच्या फाईली एका फोल्डरमध्ये जमा करायच्या असं चाललंय. ते कसं करावं?

उत्तर:

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तशीच्या तशी टाकू नका. फोल्डर मात्र जरूर करा. पण त्यात नुसत्या फाईली टाकत गेलात तर थोड्याच दिवसांत त्याचा उकिरडा होईल, कोणती फाईल कुणाची आणि कशासाठी हे कुणालाच सांगता येणार नाही. फाईलसोबत काय ठेवायचं हे आधी ठरवलंत तर आपल्याकडच्या पोरांना त्याचा फार उपयोग होईल. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी मुळात डिझेल लॅबमधला माणूस, पंप आणि नोझलचं काम करणारा. ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, नंतर वळलो. इन-लाईन पंपाच्या काळात, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधी, इकडे प्रत्येक गॅरेजवाल्याला जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा फुल लोडचा स्क्रू कुठे असतो ते माहीत असायचं. शिशाचं सील तोडायचं, स्क्रू अर्धा आटा आत घ्यायचा, ट्रक चढाला ओढायला लागला की मालक खूश. त्यात धूरही भरपूर निघायचा, त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. पण स्क्रू फिरवणारा माणूस त्याच गाडीपाशी उभा असायचा. धूर बघायचा, सायलेन्सरचं तोंड बघायचा, जास्त झालं वाटलं तर पाव आटा मागे घ्यायचा. आता नांदेडहून लातूरला फाईल मोबाईलवर येते आणि ती बनवणाऱ्याने तुमच्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलेलं नसतं.

फाईल म्हणजे ईसीयूच्या मेमरीतून वाचून काढलेला डेटा. त्यात प्रोग्राम असतो आणि कॅलिब्रेशन असतं, म्हणजे शेकडो तक्ते. पेडल इतकं दाबलं आणि आरपीएम इतका आहे तर ड्रायव्हरला किती टॉर्क हवाय, हा एक तक्ता. इतक्या आरपीएमला गिअरबॉक्सला सोसेल इतकाच टॉर्क द्यायचा, हा दुसरा. सिलिंडरमध्ये हवा इतकी आलीय तर डिझेल जास्तीत जास्त इतकंच द्यायचं, हा स्मोक लिमिटर. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये प्रेशर किती ठेवायचं, त्या प्रेशरला इतके मिलिग्रॅम डिझेल जायला इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा, कधी उघडायचा, टर्बोकडून किती बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, मागायचा, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, किती उघडायचा, असे एकावर एक तक्ते. पेडल दाबल्यावर ती मागणी या सगळ्यांतून जाते आणि सगळ्यात कमी आकडा जो सांगेल त्याचं चालतं. ट्यून करणारा माणूस यातले पाचदहा तक्ते बदलतो. चांगला असेल तर सगळे एकमेकांशी जुळवून बदलतो, कामचलाऊ असेल तर मधे येणारा लिमिटर सपाट करून मोकळा होतो. दोन्ही फाईली टाकल्यावर पहिल्या दिवशी गाडी सारखीच पळते, इथेच पोरं फसतात.

सपाट करणं म्हणजे काय ते आकड्यांत बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. तुमचं इंजिन १२४८ सीसीचं, फियाटचं मल्टिजेट, ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर. जेव्हा पूर्ण टॉर्क येतो तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये दर खेपेला साधारण ६०० मिलिग्रॅम हवा जाते आणि ३४-३५ मिलिग्रॅम डिझेल पडतं असं धरा. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीत थोडे इकडेतिकडे निघतील. म्हणजे एका भाग डिझेलला सतरा भाग हवा. डिझेल पूर्ण जळायला कागदावर साडेचौदा भाग हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये ते नीट मिसळत नाही, म्हणून कंपनी वर थोडी जागा ठेवते.

आता नांदेडच्या मित्राची फाईल. समजा त्यात डिझेल ४२ मिलिग्रॅमपर्यंत नेलंय आणि स्मोक लिमिटर सपाट केलाय, म्हणजे हवा कितीही येवो, ४२ ला परवानगी. डिसेंबरची सकाळ, थंडी पडलेली, एअर फिल्टर नवा, हवा येतेय ६३० मिलिग्रॅम. ६३० भागिले ४२, बरोबर पंधरा. जरासा धूर, पण गाडी उचलते, मित्र खूश, व्हिडिओही काढून झाला. तीच फाईल तुम्ही मे महिन्यात लातूरला चालवताय. पारा बेचाळीसच्या पुढे, लातूर नांदेडपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे मीटर उंच, फिल्टरमध्ये काळ्या मातीची धूळ बसलेली. हवा मिळतेय ५४०. ५४० भागिले ४२, तेराच्याही खाली. डिझेलला जळायला हवाच पुरत नाही. मागे काळा लोट, सिलिंडर आणि एक्झॉस्ट तापलेले, इंजिन ऑइलमध्ये काजळी. लिमिटर शाबूत असता तर ईसीयूने ५४० हवा पाहून डिझेल आपोआप ३१-३२ वर आणलं असतं. गाडी थोडी मंद वाटली असती, बाकी काही झालं नसतं.

म्हणून फाईल कुणाचीही असो, मी आधी स्मोक लिमिटर उघडून बघतो. त्यात हवेप्रमाणे आकडे चढत गेलेले दिसले तर पुढचं बोलायचं. एका आकड्याची लांबच लांब ओळ दिसली तर ती फाईल माझ्याकडून कुणाच्याही गाडीत जात नाही.

आपल्या हवेचं थोडं आणखी. परदेशातून उतरवलेल्या फाईली आपल्या ग्रुपांमध्ये फार फिरतात. त्या बनतात पंधरावीस अंश तापमानात. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा साडेनऊ टक्के विरळ असते. त्यात संभाजीनगर, बीड, लातूर ही गावं पाचशे-सहाशे मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाबच समुद्रकाठच्या मानाने सहासात टक्के कमी. टर्बोवर याचा परिणाम कसा होतो बघा. ईसीयू जर टर्बोकडून २.३ बार अब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाब धरून) मागत असेल, तर समुद्रकाठी टर्बोला हवा २.२७ पट दाबावी लागते, लातूरला २.४४ पट. त्यासाठी टर्बोची चकती जास्त वेगाने फिरणार आणि दाबलेली हवा जास्त तापणार. कंपनीच्या फाईलमध्ये यासाठी वातावरणाच्या दाबाप्रमाणे बूस्ट कमी करणारा तक्ता असतो. कामचलाऊ ट्यूनमध्ये तोही सपाट केलेला मी पाहिलाय.

समृद्धीवर तर अशा फाईलची परीक्षाच होते. गावातल्या गावात तिसऱ्या गिअरला दहा सेकंद पेडल दाबून काही कळत नाही, तेवढ्यात लोखंड तापतच नाही. जालन्याहून निघून भर दुपारी सलग अर्धा तास एकशेवीसने गाडी चालते, चार माणसं, एसी, डिकीत सामान, तेव्हा टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान कुठे जातं ते बघावं लागतं. सातशे-साडेसातशे अंशांपर्यंत ठीक, आठशेच्या वर सलग राहिलं तर टर्बो आणि पिस्टन दोघांचंही आयुष्य कमी होतंय असं समजा. तुमच्या गाडीत ते मोजणारा सेन्सर नसेल तर बाहेरून प्रोब लावून घ्यावा लागतो. ट्यूनवर हजारो रुपये घालणारी पोरं याला पैसे का घालत नाहीत, हे मला कळत नाही.

आता ‘तेच इंजिन’ या शब्दांकडे येऊ. इंजिन तेच असलं तरी ईसीयूतलं सॉफ्टवेअर तेच असेल असं नाही. ईसीयूवर हार्डवेअर नंबर असतो आणि आत सॉफ्टवेअर नंबर असतो. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सॉफ्टवेअर वेगळं निघू शकतं, मधे कधी सर्व्हिस सेंटरने अपडेट मारलं असेल तर निघतंच. सॉफ्टवेअर बदललं की तक्त्यांच्या जागा सरकतात. त्याच्या फाईलमध्ये ज्या पत्त्यावर बूस्टचा तक्ता आहे, तुमच्यात त्याच पत्त्यावर भलतंच काही असू शकतं. म्हणून त्याच्या फाईलमधला तक्ता उचलून आपल्या फाईलमध्ये चिकटवायचा उद्योग नंबर जुळवल्याशिवाय करू नका.

हेच मल्टिजेट इंजिन ७५ पीएस आणि ९० पीएस अशा दोन प्रकारांत आलं, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असेलच. ९० वाल्याच्या टर्बोत पाती हलतात, ७५ वाल्यात हलत नाहीत. ‘नव्वदची फाईल पंचाहत्तरला टाकली की झाली नव्वदची गाडी’ असं सांगणारे भेटतात. टर्बो तोच राहिला, फाईलमध्ये मात्र नसलेल्या पात्यांना हलवायचे हुकूम आले. त्याने नव्वद पीएस येत नाहीत.

दोन फाईली शेजारी ठेवून फरक काढायची सवय लावा. कंपनीची मूळ फाईल आणि बदललेली फाईल हेक्समध्ये, म्हणजे बाईट जसेच्या तसे दाखवणाऱ्या एडिटरमध्ये, उघडली की बदललेले बाईट रंगाने वेगळे दिसतात. तक्ता बदलला असेल तर पट्टाच्या पट्टा रंगतो आणि आकडे हळूहळू चढत जाताना दिसतात. उदाहरणार्थ २३०० मिलिबार हा आकडा हेक्समध्ये ०८ एफसी असा दिसतो, काही ईसीयूंत तोच उलटा, एफसी ०८ असा. बॉशच्या ईडीसी१६ मध्ये सुलटा, ईडीसी१७ मध्ये उलटा. हे माहीत नसलेला माणूस उलट्या फाईलवर सुलटा वाचायला बसला की त्याला ६४५२० मिलिबार बूस्ट दिसतो आणि तो गोंधळतो. असे पट्टे दिसले तर काय बदललंय ते शोधता येतं. पण मधेच कुठेतरी एखादाच बाईट बदललेला दिसला, आजूबाजूला काही नाही, तर तिथे थांबा. बऱ्याचदा तो फॉल्ट कोड बंद केल्याचा असतो. म्हणजे बूस्ट कमी पडला, ईजीआर चिकटला, सेन्सर मेला तरी मीटरवर दिवा लागणार नाही. फाईल देणाऱ्यालाही ते माहीत नसतं, कारण त्यानेही ती कुणाकडून तरी घेतलेली असते. तुम्ही मात्र ‘दिवा नाही म्हणजे सगळं ठीक’ असं समजून गाडी चालवत राहता.

यासाठी फोल्डरचा पहिला नियम सुचवतो: मूळ फाईल सोबत नसेल तर बदललेली फाईल ठेवायचीच नाही. फरक काढता येत नसेल तर ती फाईल ग्रुपच्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट, ईसीयूचं पूर्ण वाचन कुणालाही देऊ नका, कुणाकडून घेऊही नका. पूर्ण वाचनात गाडीचा चेसिस नंबर, इमोबिलायझर म्हणजे चावीचा डेटा आणि इंजेक्टरचे कोड असे सगळे येतात. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून थोडा वेगळा निघतो, त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत भरलेला असतो आणि त्यावरून ईसीयू डिझेलचं माप थोडं वरखाली करतो. दुसऱ्याचं पूर्ण वाचन तुमच्या ईसीयूत गेलं तर चार इंजेक्टर तुमचे आणि मापं त्याची. इंजिन आयडलला थरथरतं, थंडीत ठोकतं, आणि मेकॅनिक इंजेक्टर बदलत बसतो. चावीच्या डेटाचं तर बोलायलाच नको, तो चोराच्या कामाचा आहे. वाटायचाच तर फक्त कॅलिब्रेशनचा भाग वाटा.

टूलचं म्हणाल, तर मित्राकडे बहुतेक चायना क्लोन, म्हणजे नकली टूल, असेल, सगळ्यांकडे तेच असतं. त्याने वाचलेल्या फाईलचा चेकसम बरोबर लागला का ते वेगळं तपासा. चेकसम म्हणजे फाईलमधल्या आकड्यांची बेरीज करून आतच ठेवलेली ताळ्याची नोंद. तक्ता बदलला आणि ती नोंद तशीच राहिली तर ईसीयू फाईल नाकारतो, गाडी चालू होत नाही. लिहिताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा, अर्ध्यात व्होल्टेज पडलं की ईसीयू गाडीतून काढून बेंचवर उघडायची वेळ येते. तो चार्जर इन्व्हर्टरवर लावा. लाईट कधी जाईल हे महावितरणला तरी माहीत असतं का?

पेट्रोलवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण ग्रुपमध्ये टीएसआयवाले, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांवाले, असणारच. तिथे सगळा खेळ इग्निशनचा आणि पेट्रोलचा. युरोपातली साधी फाईलसुद्धा ९५ ऑक्टेन धरून केलेली असते, जास्तीची ९८ वर. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१ चं होतं, आणि प्रीमियम पेट्रोल तालुक्याच्या पंपावर मिळेलच असं नाही. इंजिनातला ठोका ऐकणारा नॉक सेन्सर स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायला लावून इंजिन वाचवतो, त्यामुळे फाईल टाकल्यावर काही फुटत नाही. पण मग तुम्ही ज्या टायमिंगसाठी फाईल घेतली ते टायमिंग प्रत्यक्षात मिळतच नाही. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त टॉर्क मागितला तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि तो एकच दणका पिस्टनची लँड, म्हणजे रिंगांच्या मधली कड, तोडायला पुरतो. तिथे नॉक सेन्सरला ऐकूनही काही करता येत नाही, कारण दणका बसून गेलेला असतो. टीएसआयची कुणाचीही फाईल घेताना दोन हजार आरपीएमच्या खालचा टॉर्क आधी बघा.

त्यात आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला इथेनॉलबद्दल वाईट बोलणं जड जातं, पण हिशेब हिशेब असतो. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. म्हणजे ई१० वर जमवलेला मॅप ई२० वर चारपाच टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतो. कंपनीच्या ईसीयूत ऑक्सिजन सेन्सर बघून हे भरून काढलं जातं. ज्यांनी जुन्या झेन किंवा एस्टीमवर मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो असा स्वतः मॅप भरायचा स्टँडअलोन ईसीयू बसवलाय त्यांच्याकडे हे भरून काढणं त्यांच्याच सेटिंगवर अवलंबून असतं. तीनचार वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेला मॅप आज तसाच चालवायचा म्हटलं तर फुल लोडला लीन चालणार. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून बघितल्याशिवाय पेडल पूर्ण दाबू नका.

या स्टँडअलोन ईसीयूंचं मला एक आवडतं. ते मॅप तुमचे स्वतःचे असतात, हक्काने वाटता येतात. संभाजीनगरच्या कॉलेजांमधली फॉर्म्युला गाड्या बनवणारी पोरं हे फार नीट करतात. केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन, नियमाप्रमाणे हवा अडवणारा २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, आणि सीनियर जाताना ज्युनियरला मॅपसोबत वही देऊन जातो: इनटेकचा पाइप किती लांब होता, कोणतं पेट्रोल होतं, कोणत्या चौकोनात आकडा का बदलला. ज्युनियरने इनटेक बदलला की त्याला त्या वहीवरून कळतं कोणता भाग पुन्हा करायचा. तुमच्या फोल्डरमध्ये मला ती वही हवी आहे.

आपल्याकडे जुन्या ऑक्टाव्हियाचं वेड जरा जास्तच आहे, शेंद्र्याला २००१ पासून ती बनायची त्याचा परिणाम. त्या १.९ टीडीआयवाल्यांना एक सोय आहे: त्यांच्या ईडीसी१५ ईसीयूवर जगभरच्या हौशी लोकांनी इतकं काम केलंय की कोणता तक्ता कुठे आहे याच्या व्याख्या सहज मिळतात. व्याख्येची फाईल आणि मॅपची फाईल यांत गल्लत करू नका. व्याख्या म्हणजे पत्ता, अक्ष आणि एकक सांगणारी माहिती. ती कितीही वाटा, तिच्याने कुणाचं इंजिन बिघडत नाही, उलट ज्याला स्वतः शिकायचंय त्याला तीच लागते. तुमच्या ग्रुपने जर स्विफ्टच्या एकाच सॉफ्टवेअर नंबरची चांगली व्याख्या तयार केली, तर मी ते पन्नास फाईली जमवण्यापेक्षा मोठं काम मानेन.

आता फाईल कुणाची, हा प्रश्न. मित्राने पैसे देऊन मॅप मारून घेतला असेल तर त्यातले बदल करणाऱ्या माणसाची ती मेहनत आहे. बरेच ट्यूनर ईसीयूला लॉक लावतात ते यासाठीच. त्याला न विचारता फाईल ग्रुपवर फिरवली, तर पुढच्या वेळी तो लातूर-नांदेडच्या गाडीला हात लावणार नाही किंवा लावला तरी लॉक करून देईल. फोन करून विचारा. मूळ कॅलिब्रेशनवर तर कंपनीचा हक्क असतोच. अमेरिकेत २०१५ मध्ये मालकाला स्वतःच्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती आणि बदल करायला सूट मिळाली, त्याचा दाखला आपल्याकडे देऊ नका, ती तिकडची गोष्ट आहे आणि तीही स्वतःच्या गाडीपुरती.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत १८२अ आलं, त्यात बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चौकात उभं राहून कुणी तुमच्या ईसीयूचा चेकसम तपासत नाही, हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेमचं भांडण तुमच्या अंगावर येतं. समोरचा माणूस जखमी असेल तर ते फार महागात जातं. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच संपला.

ईजीआर बंद, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढलेला अशा फाईली फोल्डरमध्ये घेऊ नका. यावर माझ्याशी वाद घालायला बरेच जण येतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, तो गावातल्या गावात चालवून भरतो हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर एका लयीत गाडी चालवणं, सेन्सर तपासणं, बरोबर ऑइल वापरणं. फिल्टर फोडून फाईलने ईसीयूला गप्प करणं म्हणजे ती काजळी शाळेसमोरच्या पोरांच्या छातीत सोडणं. मी ते काम घेत नाही.

तर फोल्डरमध्ये ठेवायचं काय? प्रत्येक गाडीचा एक कप्पा करा. त्यात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर, गाडी किती चाललीय, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (परत येणाऱ्या डिझेलचं माप) कधी झाली, टर्बो आणि क्लच मूळचे की बदललेले, डिझेल किंवा पेट्रोल कुठलं, लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदवलेले सेन्सरचे आकडे, घेतला तेव्हा कोणता महिना, किती तापमान, कुठलं गाव. मग काय बदललं आणि का, हे साध्या मराठीत दोन ओळींत. मग बदलाआधीचा लॉग आणि नंतरचा लॉग. आधीचा लॉग नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही. ‘पिकअप वाढला, अ‍ॅव्हरेज पण वाढलं’ असल्या नोंदी नकोत. अ‍ॅव्हरेज तर पोरं नवीन मॅप टाकल्यावर चार दिवस जपून चालवतात म्हणून वाढतं. मॅप काढल्यावर का काढला तेही लिहायला लावा. क्लच घसरायला लागला, गाडी विकली, पीयूसीला धुराचा आकडा बसला नाही, काहीही असो. लोक चांगलं झालेलं सांगतात आणि बिघडलेलं लपवतात, त्यामुळे सगळ्या ग्रुपांत मॅप म्हटलं की सगळ्यांचं भलंच झालेलं दिसतं.

तुमच्या गाडीचं आता काय करायचं? फाईल बाजूला ठेवा आणि आहे त्या कंपनीच्या मॅपवर एक लॉग घ्या. गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचा साधा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टरही चालेल, हवा म्हणजे एमएएफ, आरपीएम, इनटेकचं तापमान आणि रेल प्रेशर हे चारच आकडे निवडा, जास्त निवडले की तो रेंगाळतो. मोकळा सरळ रस्ता, शेजारी मोबाईल धरणारा दुसरा माणूस, तिसरा गिअर, दीड हजारापासून पेडल पूर्ण, तीन हजारांना सोडून द्या. एमएएफ ग्रॅम प्रति सेकंदात येईल. त्याला तीस हजारांनी गुणा आणि आरपीएमने भागा, की एका सिलिंडरला दर खेपेची हवा मिलिग्रॅममध्ये मिळते. २००० आरपीएमला ४० ग्रॅम दिसले तर उत्तर ६०० येतं, म्हणजे इंजिन नीट श्वास घेतंय. ५५० च्या खाली आलं तर एअर फिल्टर बदला, इंटरकूलरच्या रबरी पाइपांना क्लिपपाशी तेल गळतंय का बघा, एमएएफ त्याच्या स्प्रेने साफ करा, त्याच्या आतल्या बारीक तारेला बोट लावू नका. तेलाचा कॉटन फिल्टर बसवला असेल तर आधी तो काढा, त्याचं तेल तारेवर बसतं.

मित्राकडूनही त्याच गिअरचा, त्याच आरपीएमचा लॉग आणि त्याच्या मूळ फाईलचा सॉफ्टवेअर नंबर मागवून घ्या. दोन्ही लॉग शेजारी ठेवून पाठवा, त्यात हवेचा फरक किती निघतो त्यावरून त्याच्या फाईलमधलं काय घ्यायचं ते सांगतो.